मुंग्यांवर ओतलेलं पाणी

हे मी कोणाजवळ बोललो नाही. बायको गेली, तिलेही सांगितलं नाही. शाळा माझी दोन बुकांची, लिहिताना हात अडतो — पण आता हे पोटात धरून ठेवायचाही थकवा आला. म्हणून लिहून राहिलो.

इतवारीच्या धान्यबाजारात मी मापारी होतो. धान्य तोलायचं, मोठ्यानं आकडा सांगायचा, अन् एकदा सांगितला की फिरवायचा नाही. माझा आकडा चुकत नाही — असा तोरा होता. तोच तोरा घरी घेऊन यायचो.

मले मधुमेह झाला. परसात लघवी केली की मुंग्यांची रांग लागायची. आमच्यासारख्यांची साखरेची परीक्षा तीच. कोणीतरी मेथी सांगितली. भिजवलेली मूठभर मेथी रोज सकाळी चावून खाल्ली — तीन महिने. मुंग्या यायच्या थांबल्या. साऱ्या गावाले सांगत सुटलो, मेथीनं रोग गेला! पण त्याच तीन महिन्यांत मी भात सोडला होता, गूळ सोडला होता, बेसा गावातल्या घरून इतवारीपर्यंत गाडीऐवजी पायी जात होतो. गहू अन् तूर एकाच पारड्यात घातली, तर त्यात गहू किती, हे कोणता मापारी सांगेल? मले कळत नव्हतं काय? कळत होतं. पण आकडा सांगून झाला होता.

धाकटी बहीण सखू — तिलेही हाच रोग. डॉक्टरनं रोजची सुई लावून दिली होती, अन् सुईची तिले भारी धास्ती. दिवाळीले माहेरी आली.

"दादा, खरं सांग गा, मेथीनंच गेला?"

"काहून वं, मी खोटं बोलून राहिलो काय?"

"तू? तू चुकलास तर तराजूले दोष देशील," ती हसली. "उद्या परस दाखव मले."

सकाळी तिच्या आधी परसात गेलो. रांग लागली होती. जाड, काळी. मेथी चालूच होती — भात मात्र पुन्हा सुरू झाला होता, चालणं सुटलं होतं. उत्तर माझ्या पायाशीच होतं. काय केलं मी? बादलीभर पाणी ओतलं. मग तिले हाक मारली — ये, पाहून घे. तिनं ओली जमीन पाहिली अन् काहीच विचारलं नाही. दादा सांगतो ना, मग झालं.

सासरी जाऊन तिनं सुई बंद केली. पायाले जखम झाली अन् चिघळली, होळीच्या आधी सखू गेली. मधे चार महिने होते. एक वाक्य बोलायचं होतं — किती जड होतं ते? दोनदा गेलो तिच्या घरी. दोन्ही वेळा मेथीची पुरचुंडी देऊन आलो.

तेरवीले तिचा नवरा साऱ्यांपुढं म्हणाला, "दादांनी तिच्यासाठी लय केलं." मी मान हलवली. मानाचं पहिलं पान माझ्यापुढं मांडलं. मी जेवलो. वरण दुसऱ्यांदा मागून घेतलं.