बेटावरचे काका

धडधाकट माणूस भर दिवसा उन्हात उताणा पडलेला दिसला, तर आमच्या निघोज्यात त्याचे दोनच अर्थ निघत. एक तर तो प्यायलेला आहे, नाहीतर त्याला फेफरं आलं आहे. बेटावरचे काका यांतले काहीच नव्हते. आठवड्याच्या सुट्टीला ते पिंपरीहून सायकल मारत यायचे, इंद्रायणीच्या वाळूत पंचा अंथरायचे, सदऱ्याची घडी डोक्याखाली घ्यायचे आणि आभाळाकडे तोंड करून निवांत पडून राहायचे. झोपत नसत, डोळे सताड उघडे असत. धुण्याला आलेल्या बायका पदर ओढून लांबून वळसा घालायच्या. म्हातारे काठावरून ओरडायचे, "आरं, उठवा कुनी तरी त्याला. मेल्यावानी दिसतंय."

कुणी जाऊन विचारलंच, तर ते उठून बसत आणि अगदी गंभीरपणे सांगत, "सुट्टी म्हंजी आडवं व्हायचं. काम न्हाई, धंदा न्हाई. सरकारनं बेटावर नेऊन शिकिवलंय आमाला." मग पुन्हा आडवे. ज्या गावात सुट्टी म्हणजे बैल धुणे, कुंपण घालणे किंवा सासुरवाडीला जाऊन येणे, तिथे हे ऐकून कोण हसणार नाही?

ते माझे सख्खे काका नव्हते. ते महाळुंग्याचे, माझे वडील निघोज्याचे. दोघे एकाच दिवशी पुण्याला जाऊन पलटणीत भरती झाले आणि लढाईत थेट इटलीपर्यंत गेले. वडील लढाईवर गेले तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं. पुढे तार आली, त्यात ते बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. लढाई संपल्यावर काका एकटेच परत आले. त्यांनी लग्न केलं नाही. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथे त्यांना पहाऱ्यावर नोकरी लागली, आणि सुट्टी आली की ते नदीवर आणि नदीवरून आमच्या ओसरीवर येऊ लागले. ओसरीच्या आत मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. गावाला जीभ असते हे त्यांना ठाऊक होतं.

आई त्यांना उंबऱ्यातून चहा द्यायची. तो त्यांना बशीत ओतून दोन्ही हातांनी धरावा लागे, तरी थोडा धोतरावर सांडायचाच. त्यांचे हात सारखे कापत. आम्हाला वाटायचं, तिकडच्या थंडीतापाने हाडं पोखरली असतील. चहा संपला की आई दाराआड बसून म्हणायची, "भावजी, पोरीला बेटावरचं सांगा की." पोरीचं निमित्त. ऐकायचं असायचं तिलाच.

ते बेट मला आमच्या शिवारापेक्षा जास्त पाठ आहे. लढाईच्या मध्येच त्यांना तिथे विश्रांतीला पाठवलं होतं. आगबोटीतून उतरलं की काळी कुळकुळीत वाळू. बेटाच्या मधोमध एक डोंगर, त्याच्या डोक्यातून धूर. "चूल पेटलीय, पन सैपाक न्हाई," असं काका म्हणत. गाव म्हणजे चार-दोन पांढरी घरं, बाकी शेळ्या, आणि अंजिरं विकणारी एक म्हातारी. वारा दिवसभर वाहायचा. तंबू फडफडायचे, टोप्या उडायच्या, बिडी पेटवायची तर कांबळ्यात शिरावं लागे. तिथे बिगुल नव्हता, कवायत नव्हती. साहेबाने सांगितलं होतं की खा, पोहा आणि पडून राहा. "दगड मात्र आपलाच गं," काका हमखास सांगत. "आपल्या भामचंद्राच्या डोंगराला हाय ना, तसलाच काळा. म्या म्हनलं, चला, कुनी तरी वळखीचं भेटलं."

आणि या बेटावर माझे वडील होते. शेजारची खाट त्यांची. रिकामं बसवेना म्हणून ते धुतलेलेच कपडे परत धुवायचे. तिथली वाळू वरून गार आणि हातभर उकरली की चटका बसेल इतकी गरम, तर त्यांनी त्यात अंडी पुरून उकडली आणि मग नेमकी कुठे पुरली ते विसरून सगळा किनारा उकरला. त्यांचा पंचा वाऱ्याने उडाला आणि ते नुसत्या लंगोटीवर त्याच्यामागे धावले, तेव्हा अंजिरवाली म्हातारी इतकी हसली की तिची टोपली लवंडली. इथे आई दाराआड तोंडाला पदर लावून हसायची. मी तिला एरवी हसताना फारशी पाहिलेली नाही.

एकदा काकांनी माझ्या हातावर एक दगड ठेवला. राखाडी, सगळा भोकाभोकांचा आणि कापसाइतका हलका. "पान्यात टाक," म्हणाले. टाकला तर तो तरंगला! "त्या डोंगराच्या पोटातला हाय. तुझ्या बापानं उचलला, पोरीला न्यायचा म्हनून." सगळ्या गल्लीने तो घंगाळात टाकून पाहिला. मग आईने तो देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज त्याला हळदकुंकू वाहू लागली. तिच्याकडे वडिलांचा एक फोटोसुद्धा नव्हता.

आई कुंकू लावत होती. सरकारने पेन्शन सुरू केलं तेव्हा भावकीने समजावलं की सरकार गेलेल्या माणसाचंच पेन्शन देतं. ती म्हणाली, "पेन्शन सरकारचं, कपाळ माझं." जो माणूस बेटावर इतका हसतखेळत होता, तो असा कसा संपेल? असेल तिकडेच कुठे, चुकला असेल, येईल. काकांची गोष्ट ऐकून मलाही तेच वाटायचं. नदीकडून कुणी अनोळखी माणूस येताना दिसला की मी त्याचे पाय बघायची, लष्करी बूट आहेत का म्हणून.

मी लग्नाची झाले आणि प्रश्न उभा राहिला. स्थळ बघायला आलेले लोक विचारत, मुलीचा बाप आहे की नाही? बारा वर्षं उलटली होती. इतकी वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि मग दिवस करायचे, अशी रीत. थोरले चुलते आबा त्यासाठी आईच्या मागे लागले. आईने खूप दिवस दाद दिली नाही. शेवटी म्हणाली, "भावजींनी सांगावं. त्यांनी बघितलंय शेवटचं. ते म्हनले गेले, तर पुसते."

त्या सुट्टीला काका नदीवर गेले नाहीत, सरळ ओसरीवर आले. आबा बसले होते. आई पहिल्यांदाच दाराआडून बाहेर येऊन काकांसमोर उभी राहिली. काकांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "गेला, वहिनी," ते म्हणाले. "बेटावरून माघारी आल्यावर. मोर्च्यावर गेलो आन् गेला." आई मागे वळली. आत जाऊन तिने चूल पेटवली. खायला कुणाला काही नको होतं, तरी तिने सगळ्यांच्या भाकऱ्या थापल्या.

नदीच्या वाळूत गुरुजींनी पुतळा मांडला. डोक्याच्या जागी नारळ, बाकी सगळं पळसाची पानं आणि दर्भ. काका ज्या जागी पंचा टाकून पडायचे, बरोबर तिथेच, तसाच उताणा. आम्ही बायका लांब उभ्या होतो. अग्नी द्यायच्या आधी आई एकटी पुढे गेली. तिच्या हातात तो दगड होता. तिला तो पुतळ्याच्या छातीवर ठेवायचा होता. गुरुजींना म्हणाली, "त्यांचं म्हनावं असं येवढंच हाय. त्यांचा हात लागलाय ह्याला."

"ठेवू नका, वहिनी," काका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांचे हात इतके कापत होते की ते त्यांनी काखेत दाबून धरले होते. "त्याचा हात न्हाई लागला त्याला. म्या उचललाय. त्यो बेटावर आलाच न्हवता."

मग त्यांनी वाळूत उकिडवं बसून सगळं सांगितलं. बेटाच्या आधीच, एक नदी ओलांडताना वडील त्यांच्या शेजारी गोळी लागून पाण्यात पडले. काकांनी त्यांचा पट्टा धरला होता. पाण्याला ओढ होती, पट्टा सुटला. त्यानंतर काकांचे हात कापायचे थांबेनात, बंदूक धरवेना, म्हणून साहेबाने त्यांना विश्रांतीला धाडलं. एकट्यालाच. "शेजारची खाट मोकळी व्हती," ते म्हणाले. "म्या रोज तिच्याशी बोलायचो. आरं, बघ धूर कसा निघतोय. आरं, अंडी पुरू का रं. म्या वाळूत पडून ऱ्हायचो आन् त्यो हितं असता तर काय करता, तेच बघायचो. माघारी आलो ते तुमाला सांगायलाच आलो व्हतो, वहिनी. तुमी कुंकू लावून दारात आला आन् इचारलं, जेवत व्हते का तिकडं? मंग म्या अंजिरांचं सांगितलं."

आईने दगड मुठीत धरला आणि ती मागे आली. आबांनी अग्नी दिला. हिरवी पानं लवकर पेटेनात, नुसता धूर होत राहिला. मला तेव्हा काकांचा भयंकर राग आला. तो पानांचा माणूस माझ्या ओळखीचाच नव्हता. मला ठाऊक होता तो अंडी पुरणारा, पंच्यामागे धावणारा माणूस, आणि तो तर कधी नव्हताच. नदीत पडलेल्या बापासाठी मला रडू येईना. मी रडले ती बेटावरच्या बापासाठी.

त्यानंतर काका यायचे बंद झाले. वाळूतली ती जागा ओस पडली. गावाला चुकल्यासारखं झालं, पण तसं बोलणार कोण? आई पांढऱ्या कपाळाने वावरू लागली. दगड मात्र तिने देव्हाऱ्यातून काढला नाही.

माझ्या हळदीच्या आदल्या दिवशी आईने पिंपरीला निरोप धाडला. काका आले, ओसरीच्या कडेला चोरासारखे बसले. माझ्यासाठी एक लुगडं आणलं होतं, ते त्यांनी माझ्याकडे न बघताच पुढे केलं. आईने चहा दिला. त्यांचा चहा सांडून संपेपर्यंत ती दाराशी उभी राहिली आणि मग म्हणाली, "भावजी, पोर जायची आता. बेटावरचं सांगा तिला."

"आता काय सांगू, वहिनी?"

"सांगत व्हता तेच."

काकांनी रिकामी बशी खाली ठेवली. मग अंगणाकडे बघत म्हणाले, "वारा लई व्हता. म्या वाळूत पडलो व्हतो..."

"दोघं," आई म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. आई दाराला टेकून नेहमीच्या जागी खाली बसत होती.

"दोघं पडलो व्हतो," काका म्हणाले. "म्या हिकडं, आन् त्यो शेजारी."