हळदीच्या दिवशीचं सुतक

माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीच्या दिवशी सकाळी आमचा फौजी भाऊ निलंग्याच्या एसटीनं फाट्यावर उतरला, चालत घरापर्यंत आला, आणि मांडवात पाऊलच टाकीना. मी दारात भाकरतुकडा घेऊन उभी. एवढ्या महिन्यांनी आलेला, ओवाळून टाकायला नको? तर हा मांडवाबाहेर हौदाच्या कडेला पाठीवरचं ओझं टेकवून म्हणतो, "अक्का, ओवाळू नको. मला सुतक हाय."

आता घ्या. घरात लग्न, चुलीवर पुरण, दुपारी देवक बसायचं, किनवटहून वऱ्हाड निघायच्या तयारीत, आणि ह्याला सुतक! एकदा देवक बसलं की मग सुतक आडवं येत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. गप्प बसला असता संध्याकाळपर्यंत तर काय बिघडलं असतं? पण नाही. आमच्या वडिलांच्या माघारी घरातला कर्ता तोच, आणि हट्टीपणात वडिलांच्या दोन पावलं पुढंच.

मला चौकशीची खोड लहानपणापासून. आमचे हे लातूरला कचेरीत आहेत, ते म्हणतात, तू पोलिसात पाहिजे होतीस. म्हणू देत. विचारल्याशिवाय माणसाला कळणार कसं? ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि आधी मोबाईल काढला. मुरुडच्या आत्याला विचारलं, उदगीरच्या चुलतभावाला विचारलं, भावकीत कोण गेलं का म्हणून. कुणीच गेलेलं नाही. आमची एक चुलत आजी किती वर्षं अंथरुणाला खिळलेली, तीसुद्धा फोनवर माझ्याशी भांडली, माझ्यावर टपून बसलीस का गं म्हणाली.

मग माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. ह्यानं तिकडंच परस्पर लग्न-बिग्न उरकलं की काय, आणि सासरा-बिसरा वारला की काय? दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. शेजारणीनं पेढा दिला तर हातात घेऊन तसाच बाजूला ठेवला. माझी खात्रीच पटत चालली. सुतक असलेल्याला शिवायचं नसतं, पण विचारायला कुठं बंदी आहे? पोह्यांची ताटली त्याच्यापुढं सरकवली, हातभर अंतर राखून बसले आणि म्हटलं, सांग आता, कोण गेलं?

नाव ठाऊक न्हाई म्हणाला.

एक-एक शब्द ओढून काढावा लागला. सुट्टीवर निघायच्या तीन-चार दिवस आधी, पहाटेच्या धुक्यात सीमेवर ह्यांच्या चौकीजवळ चकमक झालेली. उजाडल्यावर हे लोक शोधत निघाले तर झुडपात पलीकडचा एक जण पडलेला, जिवंत. मांडीत गोळी, बंदूक हातातून सुटून खाली घसरलेली. ह्याच्याबरोबरच्या एका शिपायाचा जोडीदार थोड्याच दिवसांपूर्वी गेला होता. तो डोळ्यात रक्त आणून बंदूक रोखून पुढं झाला. हवालदारानं त्याच्या बंदुकीची नळी हातानं खाली केली. म्हणाला, हत्यार सुटलं, आता हा आपल्या हवाली आहे.

मी विचारलं, असं कुठं नियमात असतं, का हे हवालदाराच्याच मनाचं? असतं म्हणाला, भरती झाल्यावर सगळ्यांना शिकवतात. "पण शिकवलेलं त्या टायमाला आठवलं पायजे, अक्का. आठवण करून देणारा एक माणूस जवळ लागतो." त्या शिपायाचं मग काय झालं, हेही मी विचारलंच. तो लांब जाऊन दगडावर बसला, आणि नंतर त्यानंच स्ट्रेचर बोलवायला खाली धाव घेतली, असं भाऊ म्हणाला.

प्रत्येक जवानाजवळ एक पट्टी असते, स्वतःला लागलं तर बांधायला. ती ह्यानं त्या जखमी माणसाच्या मांडीला बांधली. मी म्हटलं, मग तुला लागलं असतं तर? तर दुसऱ्यानं त्याची दिली असती, म्हणाला, एवढं काय त्यात. बाटलीच्या टोपणानं त्याला थोडं थोडं पाणी पाजत राहिला. रक्त काही थांबेना. स्ट्रेचर वर पोचायच्या आत तो गेला. पुढं वरच्या लोकांनी तिकडं विचारणा केली म्हणे, पण हा आमचा आहे असं कुणी म्हणेना. मग ह्यांनीच खड्डा खणला. ह्यांच्या तुकडीत एक मुसलमान जवान होता, त्यानं नमाज पढली. लहानपणी शेजारच्या चाचांच्या मातीला आम्ही सगळे गेलो होतो, तीन-तीन मुठी टाकतात हे भावानं तिथंच पाहिलेलं. तशा ह्यानं टाकल्या.

मला राहवेना. फोटो काढला असशील की, दाखव, म्हटलं. हल्ली कोण काढत नाही? तर म्हणाला, एकानं फोन काढला होता, हवालदारानं ठेवायला लावला. "मेलेल्याबरोबर फोटो काढायचा न्हाई म्हणले. त्याला नको म्हणता येत न्हाई."

जे विचारायचं होतं ते अजून माझ्या जिभेवर तसंच होतं. शेवटी विचारलंच, गोळी तुझीच होती का रे?

"धुक्यात सगळ्यांनीच झाडल्या. कुणाची लागली, देवाला ठाऊक. माती मात्र माझ्या हातची हाय."

मी पोह्यांची ताटली उगाच आणखी त्याच्याकडं सरकवली.

तोवर आमचे चुलते येऊन उभे राहिले होते. त्यांनी अर्धं ऐकलं आणि भडकलेच. शत्रूचं सुतक? उद्या साप मारला तर त्याचंही धरशील का म्हणाले. भटजींना फोन लावला, स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. भटजींनी निकाल दिला की परक्याचं सुतक लागतच नाही, खुशाल देवक बसवा. चुलत्यांनी फोन खिशात टाकला आणि झालं की आता, चल आत, म्हणाले.

भाऊ उठला नाही. तुम्ही बसवा देवक, म्हणाला, तुम्हाला न्हाई लागलं, मला लागलंय.

ही खबर आत गेली आणि आमची नवरी पाटावरून उठली. बहीण तशी गरीब गाय, मोठ्यानं बोलणार नाही. पण त्या दिवशी म्हणाली, भाऊ मांडवाबाहेर बसणार असेल तर मी हळद लावून घेत नाही. लग्नात नवऱ्याचा कान पिळायला भाऊ नाही तर मग मांडव कशाला घातला? झालं. एक हौदावर, एक आतल्या खोलीत दाराला कडी लावून. चुलते डोक्याला हात लावून बसले. तिकडं किनवटला नवरदेवाच्या घरी आता काय सांगायचं? मुलगा चांगला, आश्रमशाळेवर मास्तर, पण त्याच्या घरची माणसं रीतीभातीला कडक. सुतकाचं कानावर गेलं तर वऱ्हाड निघणारच नाही, आणि मोडलेलं लग्न बहिणीच्या माथी. मला भावाचा राग आला, खरंच आला. मेलेला माणूस तिकडं कुठं डोंगरात, आणि इथं जित्या पोरीच्या जन्माचं वाटोळं.

माय इतका वेळ चुलीपाशी होती. पुरणाचे हात पदराला पुसत बाहेर आली. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं, कारण तिनं काय झालं म्हणून विचारलं नाही. सरळ हौदापाशी गेली आणि मला शिवू नको म्हणत भाऊ मागं सरकला तरी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"शेवटचं पाणी कुणी पाजलं त्याला?"

"म्या."

"आन माती?"

"म्याच."

"मग तुला न्हाई लागणार तर कुणाला?"

चुलत्यांनी तोंड उघडलं. भावजी, दम धरा जरा, एवढंच माय म्हणाली. मग ती भावाला म्हणाली, सुतक आहे, पण लांबचं आहे, आणि लांबच्या माणसाचं सुतक ऐकल्यावर डोक्यावरून आंघोळ केली की फिटतं. तुला एकट्याला कसं लागेल? आपली चूल एक. तुला तर आपल्या सगळ्यांना.

तिनं मला तांब्या-बादली आणायला पिटाळलं. मी म्हटलं, मायबाई, मी आज लातूरच्या पार्लरमधून केस करून आलेय. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आतल्या खोलीची कडी निघाली आणि नवरी बाहेर आली. चुलते पुटपुटत धोतर खोचायला लागले. मांडवातल्या बायका पुढं आल्या नाहीत आणि गेल्याही नाहीत, उभ्या राहून बघत होत्या. वाजंत्रीवाल्यांनी कुणी न सांगता वाजवायचं थांबवलं.

माय आधी स्वतःच्या डोक्यावर तांब्या ओतून घेऊन भिजल्या लुगड्यानं उभी राहिली. मग हौदाच्या कडेला बसलेल्या भावाच्या डोक्यावर ओतायला लागली, पोरांना घालतात तसं, कपाळावर आडवा हात धरून. चकमक, पट्टी, माती, सगळं त्यानं मला कोरड्या डोळ्यांनी सांगितलं होतं. आता मात्र त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय हे पाण्यामुळं दिसत नव्हतं, पण आम्हा सगळ्यांना कळत होतं, आणि मघाचा माझा राग कुठल्या कुठं गेला. मीही रडत होते.

पाणी निथळत असताना त्यानं मान वर केली.

"माय, त्याच्या घरी कळलं असंल का गं?"

तिनं तांब्या पुन्हा हौदात बुडवला.

"न्हाई कळलं, लेकरा. म्हणून तर त्याचं आपण करतोय."