बुटाचा नाल

माझी यादी आजवर कधी चुकलेली नाही. चुकतात ती माणसं.

चार वर्षांपूर्वी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी ट्रायथलॉनसाठी (आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं) सायकलचे बूट घ्यायचे ठरवले, तेव्हा वहीत नऊ मुद्दे काढले होते. तळ कडक हवा. पट्टा एकच, रुंद हवा (पोहून आल्यावर बोटं आखडतात). टाचेला ओढायला बंद हवा. ओल्या, बिनमोज्याच्या पायाला टोचता कामा नये. हा मुद्दा तपासायला मी दुकानात पाणी मागितलं. दुकानदारानं ग्लास आणून दिला. मी त्यात पाय घालायला लागले तेव्हा त्यानं मालकाला हाक मारली.

सगळ्यात मोठा मुद्दा, तळाला क्लीट हवी. म्हणजे कडक प्लास्टिकचा ठोकळा, जो पॅडलमध्ये टक्कन अडकतो. आदल्या वर्षी साध्या बुटांत पाय निसटत राहिले, सायकलवरच माझी वेळ संपली आणि संयोजकांनी मला सायकलसकट टेम्पोत घातलं. या वेळी वेळेत पोचायचंच होतं. बँकेत सगळ्यांना सांगून बसले होते.

बूट पायात बसावेत म्हणून मी ते धाराशिवच्या घरात घालून फिरायला लागले. टिक-टिक, टिक-टिक. माझे वडील, आप्पा, पेपर खाली ठेवून ऐकत बसायचे. ते माकणीच्या कालव्यावर पाटकरी होते. पाणी सोडायला रोज सायकलवरून जायचे, नाल मारलेल्या चपला घालून. संध्याकाळी अंगणातून टिक-टिक आली की आई चहा टाकायची आणि मी मोठ्यानं पाढे म्हणायला लागायचे (तोवर खेळतच असायचे).

"आवाज तोच हाय," आप्पा म्हणाले. त्यांच्या तोंडून कौतुक! मी खूश होऊन वळले आणि फरशीवर आडवी झाले. त्या आठवड्यातली दुसरी वेळ.

आप्पांनी वाकून बुटाचा तळ नीट बघून घेतला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

स्पर्धेच्या सकाळी यादीतल्या 'बूट' या शब्दापुढं खूण केली आणि ते टॉवेलवर मांडले. (यादीत 'बूट' होतं, 'बुटाचा तळ' नव्हतं.) पोहून आले, पट्टा ओढला, सायकल चढायच्या रेषेपर्यंत पळवत नेली आणि पॅडलवर पाय दाबला. टक्क नाही. पुन्हा दाबला. नाहीच. पाय वळवून बघितलं, तर क्लीट गायब! तिथं ट्रकच्या टायरचा जाड तळवा, नक्षी बाहेरच्या बाजूला, कडेनं मोच्याच्या टाक्यांनी सुबक शिवलेला.

दोरीपलीकडं आप्पा उभे होते.

"आप्पा, खालचा ठोकळा कुठंय?"

"नाल व्हय?" त्यांनी खिशावर हात ठेवला. "हितं हाय की. टाकला न्हाय."

"पण काढला कशाला?"

"फरशीवर नाल मारलेला बैल बी घसरतोय, सुमे. त्याला तर चार पाय असत्यात."

शेजारच्या पंचांनी हसू आवरत सांगितलं की घड्याळ चालू आहे.

निघाले. टायरच्या नक्षीनं पॅडल बऱ्यापैकी धरलं, पण मांड्यांनी हाय खाल्ली. लहानपणी आप्पांच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून कालव्याकडेनं जायचे, ते आठवत राहिलं. तेव्हा वारा असाच तोंडावर यायचा. फक्त पॅडल दुसरं कुणीतरी मारायचं.

सायकल संपली तेव्हा पळायचे बूट चढवायला यादीप्रमाणं चार मिनिटं लागणार होती, आणि ती उरलीच नव्हती. तशीच पळत सुटले. सायकलच्या बुटांनी कुणी पळत नाही, पण त्यांच्या खाली टायर नसतं ना! दोन्ही टाचा सोलून निघाल्या. सगळ्यांच्या शेवटी पोचले, पण वेळ संपायला दीड मिनिट बाकी होतं.

एका मुलीनं कौतुकानं विचारलं, बूट कुठल्या कंपनीचे?

"बसस्टँडच्या," आप्पा म्हणाले.

यंदा नवे बूट घेतले, क्लीटवाले. वहीत दहावा मुद्दा घातला: 'आप्पांच्या हाती लागू देऊ नयेत.' त्याची गरज राहिलेली नाही, आप्पा आता फारसे उठत नाहीत. दारातून टिक-टिक आली की पलंगावरूनच म्हणतात, "जपून ये गं."

कालही म्हणाले. मी वळून म्हटलं, "येते की जपून."

त्यातलं 'जपून' मी फरशीवर बसून म्हणाले.