लग्नाच्या कोटावर लाल दोरा

आमचे हे रफू करतात. म्हणजे कोटाला, शालीला भोक पडलं की त्याच कापडातले धागे काढून ते असं विणून टाकायचं, की कुठं फाटलं होतं ते मालकालाही सापडू नये. काम झालं की मला हाक, "अगं, दिसतंय का?" मी बोट फिरवून म्हणायचं, "नाही." की स्वारी खूश! आमचा सगळा संसार या एका प्रश्नावर झाला म्हणा ना.

काम यायचं कोपऱ्यावरच्या लाँड्रीतून. ती बंद झाली आणि आमच्या दाराची कडी वाजेना. मुलगी म्हणाली, "बाबा, वेबसाइट करू. नाहीतर तुम्ही आहात हे कळणार कसं कुणाला?" दुसरा मार्ग उरला नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

तिनं लॅपटॉपवर वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपन्या दाखवल्या. एक फुकट, पण पानावर जाहिरात तिचीच. दुसरीत गिऱ्हाइकाला वेळ ठरवता यायची. ह्यांचं आपलं भलतंच! "फोटो बोटांनी मोठा कशात होतो?" तो नेमका सगळ्यात महागडीत. "मग तीच घे. कापड जवळून बघितल्याशिवाय कोण विश्वास ठेवेल?" मी कपाळावर हात मारला. पण ह्यांच्यापुढे कुणाचं चाललंय!

फोटोसाठी फाटकं कापड घरात होतं कुठं? ह्यांनी लग्नातला कोट काढला आणि कात्रीनं बाहीला भोक पाडलं. मी ओरडतेय तोवर भरायलाही बसले. मुलीनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"बाबा, यात दाखवायचं काय? नुसतं कापड दिसतंय. आधी भोकाचा फोटो काढायला हवा होता."

"फाटलेलं चारचौघांत दाखवायचं? ते झाकायलाच तर लोक येतात माझ्याकडे."

मग ह्यांनी सगळं उसवलं आणि लाल दोऱ्यानं भरलं. भोकही दाखवायला नको आणि कामही दिसेल. तोच फोटो वेबसाइटवर गेला.

फोन वाजला की हे हातातला घास टाकून उठायचे. शेवटी एकदाचा वेबसाइटवर निरोप आला. मुलीनं तो मनातल्या मनात वाचला.

"मोठ्यानं वाच की!" मी म्हटलं.

"टाके लांबून दिसतात. असल्या माणसाच्या हातात कोट कोण देईल?"

जीभ झडो मेल्याची! पण खरं सांगू, ती बाही बघून मीही दिला नसता.

मुलगी म्हणाली, "खाली लिहू, लाल दोरा मुद्दाम घेतलाय म्हणून."

"राहू दे. काढून टाक ते सगळंच," हे म्हणाले. "समजावून सांगावं लागतं ते काम कसलं?"

दुसऱ्या दिवशी खिडकीशी बसून ह्यांनी लाल दोरा उसवला आणि कोटाच्याच धाग्यानं बाही पुन्हा भरली. मग हाक आली, "अगं, दिसतंय का?"

मी बाही उजेडात धरली. जन्मात पहिल्यांदा वाटलं, दिसू दे गं बाई, एखादा तरी टाका दिसू दे. बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"नाही," मी म्हटलं.

ह्यांनी नुसती मान हलवली, सुया डबीत भरल्या आणि डबी माळ्यावर टाकली.