पहिल्या बकेटीचा मान

खदानीवर देखरेखीला रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मी एका माणसाबद्दल चार ओळी लिहिल्या. त्या ओळींची मला अजून लाज वाटते. तरी सांगते, कारण त्या आठवड्यात मी जेवढी हसले तेवढी नंतर कुठल्याच नोकरीत हसले नाही.

खदान म्हणजे कपिलधारच्या अलीकडच्या डोंगराचा पोखरलेला एक कोपरा. खाली रस्त्याचं काम चालू होतं, त्याला मुरूम इथून जायचा. मुरूम उचलायला एक पोकलेन आणि वाहायला सात टिप्पर. खदानीचे मालक मला म्हणाले, "ताई, मशीन हाय, गाड्या हायत, तरी खेपा कमी कावून पडतात तेवढं आठ दिवसांत शोधा. ऑपरेटरचा दोष असंल तर सांगा. म्या बाहेरून दुसरा आणतो."

ऑपरेटर म्हणजे चाचा. बीड शहरातले, सगळं घर मेकॅनिकांचं. भाऊ गॅरेजवाला, पुतणे गॅरेजवाले. चाचा एकटेच गॅरेजातून उठून मशीनवर चढले ते तीस वर्षं उतरले नव्हते. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, आणि केबिनच्या काचेला आतून चिकटवलेला नातीचा फोटो. दुसरा ऑपरेटर आला तर चाचांनी पुतण्याच्या गॅरेजात स्टुलावर बसायचं, एवढंच काय ते उरलं होतं. पहिल्या चहाला त्यांनीच मला सांगितलं, "मशीनवर हाय तवर मी चाचा. खाली उतरलो की म्हातारा."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्याकडे डिप्लोमा होता, नवं पिवळं हेल्मेट होतं आणि मोबाइलमध्ये स्टॉपवॉच होतं. त्यात मी उमापूरची, आणि तोंड घरातूनच धारदार. दिवसभर मी एका दगडावर बसून चाचांची प्रत्येक हालचाल मोजली. बकेट मुरुमात खुपसली किती सेकंद, फिरवली किती, ओतली किती. हात काही झपाझप चालत नव्हता. त्यातून गाडी भरली की चाचा बकेटीच्या पाठीने वरच्या ढिगाला तीनदा थोपटायचे. एक, दोन, तीन. झोपलेल्या लेकराला थोपटावं तसं, घाई न करता. त्या थोपटण्यात अख्खी एक बकेट भरून झाली असती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी मी मालकांना मोबाइलवर लिहून पाठवलं: "ऑपरेटरचं वय झालं आहे. हात मंद आहे. भरलेल्या गाडीला उगाच थोपटत बसतात. बदल विचारात घ्यावा." शेवटची ओळ लिहिताना मला आपण साहेब झाल्यासारखं वाटलं. मालकांचा उलट काहीच निरोप आला नाही.

मंगळवारी सकाळी मी चाचांना फर्मान सोडलं, थोपटणं बंद. चाचा म्हणाले, "जी मॅडम." बस. ना वाद, ना कपाळाला आठी. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

दुपारी दोन वाजता खालच्या गावातला एक माणूस रिकामी दुधाची कॅन घेऊन खदानीत चढून आला. कॅन त्याने माझ्या पायापाशी आदळली. गावाच्या वळणावर प्रत्येक टिप्परच्या डोक्यावरचा मुरूम सांडत गेला होता, त्याच्यावरून त्याची मोटारसायकल घसरली होती. त्याला खरचटलंही नव्हतं, पण दूध सगळं रस्त्याला पाजून झालं होतं. "कोन हाय बे इथला शाना?" असं तो मोठ्याने विचारत होता आणि गावकऱ्यांनी वळणावर बैलगाडी आडवी लावली होती. सातही टिप्पर पलीकडे अडकले. मी दोन माणसं आणि दोन फावडी घेऊन स्वतः वळण साफ केलं, हेल्मेटसकट. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. एक जण म्हणाली, "हेल्मेट लई झ्याक हाय वो."

वर आले तर चाचा केबिनमधून वाकून, अगदी साध्या चेहऱ्याने विचारतात, "मॅडम, थोपटू का आता?"

"थोपटा!" मी ओरडले. चाचांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलताना मला दिसले.

त्या रागातच मला एक गोष्ट सुचली. आतापर्यंत मी मशीन चालू असताना मोजत होते. बुधवारी मी ते बंद असतानाची वेळ मोजायला लागले, आणि थक्क झाले. बकेट जितका वेळ फिरत होती त्याहून जास्त वेळ ती हवेत लटकून गाडीची वाट बघत होती. चाचांचा हात मंद नव्हताच. गाडीच समोर नसेल तर माणूस घाई करून काय करणार? आणि गाड्या कुठे होत्या? खाली चढाच्या तोंडाशी. तीन टिप्पर एकामागे एक, रिकामे, इंजिनं चालू, आणि वर कोणी येईना.

मी तरातरा खाली गेले. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, वर का जात नाहीस?

"सरपंचांची गाडी म्होरं जाईल मंग आमी."

"सरपंचांची गाडी कुठंय?"

"डायवर जेवाया गेलाय."

तेव्हा सगळा उलगडा झाला. सातही टिप्पर खालच्या गावातल्या पुढाऱ्यांचे. पहिला सरपंचांचा, दुसरा माजी सरपंचांचा, तिसरा सोसायटीच्या चेअरमनचा, असा क्रम खाली थेट उपसरपंचांच्या साडूपर्यंत उतरत होता. सकाळी पहिल्यांदा जसे आले तसेच दिवसभर यायचे. मधला एक थांबला की मागचे सगळे थांबायचे. पुढच्याला ओलांडून वर जाणं म्हणजे गावात त्याच्या मालकाला ओलांडल्यासारखं. आणि सरपंचांची गाडी काम सुरू झालं त्या दिवशी मशीनच्या डाव्या हाताला लागली होती म्हणून सगळ्या डावीकडेच लागायच्या. एक निघून गेल्याशिवाय दुसरी मागे घेता यायची नाही.

मी भांडले. खूप भांडले. ड्रायव्हरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, सांजच्याला तुमी तुमच्या घरी. आमाला ह्याच गावात ऱ्हायचं हाय." मी हेल्मेट काढून बगलेत मारलं आणि परत चढ चढू लागले.

चहाला चाचांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. "मग सांगितलं का नाही?" मी चिडून विचारलं. ते म्हणाले, "तुमी विचारलंच न्हाई. तुमी घड्याळाला विचारत बसलता." हे मात्र मला लागलं. त्याच क्षणी सोमवारच्या चार ओळी आठवल्या आणि चहा कडू झाला. आपण चुकीचं लिहिलं हे मालकांना लगेच कळवावं असं वाटलं, पण आधी काहीतरी करून दाखवावं आणि मगच कळवावं असं माझ्या नाकाने ठरवलं.

मग मी डोकं लढवलं. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यक्रमात सगळ्यात मोठा पुढारी शेवटी बोलतो. आधी बोलतात ते किरकोळ. तेव्हा मी दोन ड्रायव्हरना बाजूला घेऊन, कोणाला सांगू नका अशी शपथ घालून सांगितलं की मोठ्या कामावर पहिली खेप म्हणजे नुसतं प्रास्ताविक, खरा मान शेवटच्या गाडीचा. कोणाला सांगू नका म्हटल्यामुळे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं. आता सरपंचांच्या गाडीसाठी कोणी खोळंबणार नाही, या खुशीत मी घरी गेले.

गुरुवारी सकाळी सातही टिप्पर वेळेवर आले आणि चढाच्या तोंडाशी उभे राहिले. एकही वर येईना. "तुमी व्हा म्होरं." "न्हाई न्हाई, तुमीच व्हा." इतका अदबीचा कारभार त्या गावाने ग्रामपंचायतीतसुद्धा पाहिला नसेल. साडूची गाडी सगळ्यात लहान, तिने तरी यावं, तर साडूनेही फोनवरून ड्रायव्हरला बजावलं होतं की शेवटी लागायचं. दहा वाजले. चाचा केबिनमधून उतरले, माझ्याजवळच्या दगडावर बसले, सुपारी कातरली आणि म्हणाले, "कार्यक्रम लई भारी झाला मॅडम. फक्त वक्ते न्हाईत."

मी हात टेकले. मला रडू यायला लागलं होतं, आणि मी ते धुळीवर ढकललं. चाचांनी ते पाहिलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी चेष्टा केली नाही. त्यांनी खालच्या गाड्यांकडे बोट केलं.

"गाड्या मशीनच्या दोन्ही हातांना लावू," ते म्हणाले. "एक डावीकडं, एक उजवीकडं. एकाला पयली बकेट टाकतो. पन पयली भरून सोडतो दुसऱ्याला. एक म्हनंल मला आधी मुरूम पडला. दुसरा म्हनंल मी आधी भरून निघालो. दोघंबी घरी जाऊन खरंच सांगतील."

 या युक्तीत नुसता मान सांभाळला जात नव्हता. एक गाडी भरत असताना दुसरी मागे येऊन उभी राहणार होती, म्हणजे मशीन रिकामं राहणारच नव्हतं. मी तीन दिवस स्टॉपवॉच घेऊन जे शोधत होते ते हेच.

अडचण एकच होती. पोकलेनची केबिन डाव्या अंगाला असते. उजवीकडची गाडी मशीनच्या लांब हाताआड जाते, ऑपरेटरला धड दिसत नाही. म्हणून कोणी उजवीकडे भरायला धजत नाही. चाचांनी आधी अर्धा तास उजवीकडची जमीन घासून सपाट केली, मोठे दगड ढकलून दिले, मशीन मुरुमाच्या ओट्यावर चढवलं, म्हणजे गाडी खाली आणि बकेट वर. मग मला म्हणाले, "मॅडम, तिथं त्या दगडावर उभ्या ऱ्हावा, बकेट पोचत न्हाई तिथं. तुमी हात वर केला की थांबनार, खाली केला की ओतनार. माझा उजवा डोळा तुमी."

ज्या माणसाचा हात मंद म्हणून मी लिहिलं होतं तो माणूस मला डोळा म्हणत होता. मी दगडावर जाऊन उभी राहिले.

शेवटच्या मानाचं सगळं खोटं, आता पहिल्या जागाच दोन, असा चाचांनी खाली निरोप धाडला, तेव्हा सरपंचांची गाडी डावीकडे लागली, माजी सरपंचांची उजवीकडे. पहिली बकेट डावीकडे पडली, सरपंचांच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून सगळ्यांकडे पाहिलं. मग चाचा उजवीकडे वळले आणि माजी सरपंचांची गाडी काठोकाठ भरून, तीनदा थोपटून, हॉर्न देऊन सोडली. तिचा ड्रायव्हर निघताना गाणं लावून निघाला. तोवर तिच्या जागी चेअरमनची गाडी येत होती. तिला मागे घेईपर्यंत चाचा डावीकडे. नवी गाडी लागली की आधी तिला एक बकेट स्वागताची, मग शेजारची भरून मोकळी. बकेट एकदाही हवेत लटकली नाही. माझा हात वरखाली करून खांद्यातून निघाला, पण खाली ठेवायची इच्छा होईना. तीस वर्षं मशीनवर घालवलेल्या माणसाचा हात काय असतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

शनिवारी चारच्या सुमाराला रस्त्याच्या कामावरून निरोप आला, मुरूम थांबवा, पसरायला जागा उरली नाही. निरोपापाठोपाठ मालक आले. त्यांनी गमतीने एकेका ड्रायव्हरला विचारलं, पहिला नंबर कुणाचा? सातही जणांनी छाती पुढे काढून सांगितलं, आमचा. मालक हसून हसून गाडीच्या बॉनेटला टेकले. मग डोळे पुसत चाचांना म्हणाले, "मोठं मशीन घ्यायचं चाललंय. त्याच्यावर तुमीच बसायचं. बाहेरचा कोन न्हाई आनायचा."

मला हायसं वाटलं, ते जेमतेम मिनिटभर. मालक माझ्याकडे वळले. "पन ताई, सोमवारी तर तुमी लिवलं व्हतं..."

"ते माझ्याकडं हाय," चाचा म्हणाले आणि खिशातून मोबाइल काढला. मालकांनी सोमवारीच माझा निरोप त्यांना पुढे पाठवून दिला होता. म्हणजे मंगळवारचं "जी मॅडम", बुधवारचा चहा, गुरुवारचा डोळा, सगळं त्या चार ओळी माहीत असताना. "मला मराठी वाचाया जमत न्हाई. नातीनं वाचून दाखवलं," ते म्हणाले. "तिला वाईट वाटलं. मला म्हनली, आजोबा, उद्या जाऊ नका."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी त्यांच्यासमोर जाऊन माफ करा म्हणाले. चाचांनी मला अवघडू दिलं नाही, पण सोडलंही नाही.

"दुसरं लिवा," ते म्हणाले. "आत्ता. आन पयलं नातीनं वाचलं, हे तुमी वाचा. मोठ्यानं."

मी तिथेच दगडावर बसून लिहिलं. मग सात ड्रायव्हर आणि मालक यांच्यासमोर उभी राहून वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला अडखळले. चाचांनी हात वर केला, थांबा म्हणून. माझा श्वास जागेवर आल्यावर त्यांनी हात खाली केला आणि मी पुढे वाचलं. वाचताना माझं लक्ष त्यांच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. त्यांनी मोबाइल माझ्याकडे धरून ठेवला होता आणि नातीसाठी माझा आवाज त्यात भरून घेत होते.