माघारी आलेलं पाणी

समुद्राला मिळायच्या आधी व्होल्गा शेकडो फाट्यांत फुटते. त्यातल्या एका फाट्यावर, मातीच्या लांबट टेकडीवर कोसोय बुगोर हे गाव आहे. मेलानिया सावेल्येव्ना इथली तराफेवाली. दोर ओढत ती माणसं, गुरं, पिठाची पोती इकडून तिकडे न्यायची. तिच्या आजोबांना अंगणातून समुद्र दिसायचा. मेलानिया पन्नाशीला आली तोवर तो इतका मागे हटला होता, की तिथे पोचायला मोटरबोटीनेही अर्धा दिवस लागे.

अशात सामुदायिक शेतीचे अध्यक्ष अर्कादी ल्वोविच काठावर येऊन म्हणाले, "फाटा आटत चाललाय, मावशी. इथे मातीचा बांध घालू, वरून ट्रक जातील. तराफा आता सरपणाला."

"सरपणाला तुमची खुर्ची घाला. पाणी गेलंय, मेलं नाही."

"हे कशावरून?"

"माझा नवरा तीनदा घर सोडून गेला होता. तिन्ही वेळा भूक लागल्यावर आलाच ना परत!"

बांध झालाच. दोर सुटला, आणि मेलानियाला कलिंगडांच्या राखणीवर धाडलं. ती गेली. पण दर वसंतात तराफ्याला डांबर फासायचं काही सोडलं नाही. पलीकडच्या काठावर उंट पाळणारा कझाक शेजारी सेरिकबाय तिला हटकून डिवचायचा.

"काय वहिनी, कोरड्यात चालवणार? उंट जुंपू का माझा?"

"जुंप की. पण आधी आंघोळ घाल त्याला."

एकोणीसशे एकोणऐंशीच्या वसंतात बर्फ वितळला आणि नदी चढली ती थांबेचना. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहात साखर विरघळावी तसा बांध दिसेनासा झाला. नेमकी त्याच दिवशी सेरिकबायची मुलगी कुल्याश लग्न होऊन कोसोय बुगोरला यायची होती. नवरी पलीकडे, नवरा अलीकडे. बांध बघायला गेलेले अध्यक्षही पलीकडेच अडकले होते.

"वहिनी!" सेरिकबाय पलीकडून ओरडला. "मागचं सगळं विसर आणि ये!"

"विसरत काही नाही, पण येते!"

दोन कोळ्यांच्या हाती लांब काठ्या देऊन ती निघाली. नवरी चढली, वऱ्हाड चढलं, अध्यक्ष चढले. गोधड्या आणि लोकरीच्या जाड नमद्यांनी लादलेला उंट मात्र ढिम्म हलेना. सेरिकबायने विनवलं, शिव्या दिल्या. शेवटी मेलानियाने आपल्या डब्यातली मिठात मुरवलेली कलिंगडाची फोड काढली, उंटाच्या नाकाशी धरली आणि मागे मागे सरकत त्याला तराफ्यावर आणलं.

भर धारेत तराफा गरकन फिरला. कोळी काठ्या रोवत होते. मेलानिया गुडघ्यांवर बसून वल्हं दाबून धरत होती. अध्यक्षांना धरायला दुसरं काही मिळेना, म्हणून त्यांनी उंटाच्या मानेलाच मिठी मारली. उंटाने शांतपणे त्यांच्या टोपीवर हिरवी पिंक टाकली.

"हलू नका!" मेलानिया ओरडली. "आवडलात तुम्ही त्याला!"

इतका वेळ रडणारी कुल्याश खुदकन हसली, आणि मग काठ लागेपर्यंत कुणालाच हसू आवरेना.

अध्यक्ष मनाने दिलदार निघाले. वऱ्हाडात सगळ्यांदेखत उठून म्हणाले, "चुकलो, मावशी," आणि आठवड्याभरात तराफ्याला पोलादी दोर आणवला.

समुद्रही आता माघारी फिरला होता, आणि तो एवढ्यावर थांबला नाही. पुढची कित्येक वर्षं पाणी चढतच राहिलं. मेलानियाच्या आईने टेकडीखाली लावलेली सफरचंदाची झाडं एकेक करून बुडाली. पाण्याच्या बाजूने इतकं भांडूनही पाण्याने तिची बाग घेतली, याचं तिला वाईट वाटलं. दोन दिवस ती तराफ्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तराफ्यावर.

तिने बहात्तराव्या वर्षापर्यंत माणसं पार उतरवली. बागेच्या जागी पुढे कमळं आली. उन्हाळा सरताना ती होडी घेऊन तिथे जायची, बसल्या बसल्या कमळाच्या बिया सोलून खायची आणि म्हणायची, "चव बरी आहे. सफरचंदाची सर नाही, पण बरी आहे."