माफ करायला टाकव्याला

आमच्या चर्चचं दोन दिवसांचं शिबिर लोणावळ्यात ठरलं, तेव्हाच मी नवऱ्याला, डॅनियलला, बजावलं होतं, "येईन, पण टाकव्याचं नाव काढायचं नाही." टाकवे बुद्रुकला माझे वडील, आबा, राहतात. आमचं घर बौद्ध. पाच वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेऊन चर्चमध्ये लग्न केलं आणि आबा आले नाहीत. आई गेल्यावर ज्यांनी माझ्या वेण्या घातल्या, ते आले नाहीत! हा राग मी नीट जपून ठेवला होता.

शनिवारी सकाळी पुण्याहून लोणावळा लोकल धरली. तिकीट चहा-वड्याच्या किमतीत. कामशेतनंतर खिडकी सोडू नका, कापणी झालेली खाचरं आणि कार्ल्याचा डोंगर छान दिसतो. लोणावळ्यात मात्र टाळकं सटकलं. वीस मिनिटांच्या चालीला रिक्षावाला तीनशे मागतो! चिक्कीवाला चवीला ताजा तुकडा देतो आणि पुडक्यात मऊ पडलेली भरतो. सरळ चालत जा आणि चिक्की समोर बांधून घ्या.

संध्याकाळी पाळकसाहेबांचं प्रवचन झालं. म्हणे देवापुढे आपण सगळेच दोषी, क्षमा कुणालाच कमावता येत नाही, ती कृपेनं मिळते. सगळेच? म्हणजे आबा आणि मी एकाच रांगेत? चहाला मी त्यांना गाठलंच.

"ज्यानं दुखावलं आणि ज्याला दुखावलं, दोघं सारखेच का?"

"जखमा सारख्या नसतात, ताई. पण क्षमा दोघांनाही लागते."

"बोलायला सोपं आहे!"

"सोपं असतं तर दर रविवारी तेच कशाला सांगितलं असतं?"

रविवारी उपासना संपल्या संपल्या मी बॅग उचलली. "चल टाकव्याला," डॅनियलला म्हटलं. "आबांना तोंडावर सांगते, मी तुम्हाला माफ केलं. मग बघू कोण कुठल्या रांगेत ते." टाकव्यासाठी कान्हे स्टेशनला उतरायचं, बाहेर शेअर रिक्षा मिळते. दुपारच्या लोकल कमी असतात, वेळापत्रक बघून निघा. आम्ही न बघता निघालो आणि दीड तास फलाटावर भांडत बसलो.

आबा ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होते.

"आबा, मी तुम्हाला माफ करायला आलेय."

"बसा, पाव्हनं," ते डॅनियलला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मला माफ? जन्मानंच वंगाळ म्हनून आमाला पिढ्यान् पिढ्या हिनवलं. माज्या बापानं छप्पन साली ते झुगारलं. आन् तू, मानूस मुळातच पापी म्हननाऱ्यांत गेलीस. लय लागलं मला ते."

"ते फक्त आपल्याला नाही म्हणत, आबा. सगळ्यांना म्हणतात."

काल ज्या वाक्यावर मी भडकले होते, तेच आता तावातावानं मांडत होते.

"समद्यांना? हिनवनाऱ्यांनाबी?"

"त्यांनाही."

"आन् तुला?"

एक गोष्ट तुम्हालाही सांगितली नव्हती. दरवर्षी भात झोडून झालं की आबा दहा किलो इंद्रायणी निवडून टेम्पोनं माझ्याकडे पाठवायचे आणि मी ते पोतं दारातूनच परत धाडायचे. चार वर्षं. यंदाचं पोतं त्यांच्या शेजारी अर्धं भरलेलं होतं.

"परत येणार हे माहीत असून कशाला पाठवता?" मी ओरडलेच.

"तू घेत न्हाईस म्हनून मी पाठवायचं थांबू व्हय?" त्यांनी पुन्हा सूप उचललं. "आत जा. भाकरी हाय, जेवून घ्या दोघं."

घरी येऊन तीन दिवस झाले. आबांनी लग्नाबद्दल एक शब्द काढला नाही. याचा मला अजून राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. 'मी चुकले' हे माझ्याही तोंडून निघालं नाही, त्याचा जास्त आहे. पोतं मात्र या वेळी मी स्वतः उचलून आणलं.

आज रागारागानं तांदूळ परातीत ओतले आणि निवडायला बसले. अख्ख्या पोत्यात एक खडा सापडला नाही.